तिकटीवरचा दहीभात

वडील गाव सोडून पिंपरीला आले ते चालण्याचा कंटाळा आला म्हणून, असे ते स्वतः सांगत. पाटणच्या वर डोंगरात आमचे गाव. तिथे पाण्याला चालायचे, दळणाला चालायचे, औषधाला चालायचे आणि औषध वेळेवर न मिळाल्यास खांद्यावर ओझे घेऊन पुन्हा चालायचे. कारखान्यात नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली वस्तू घेतली ती सायकल. तिला ते आईपेक्षा अधिक जपत, असे आईच म्हणे. आमचे घर दोन खोल्यांचे, वर पत्रा, आणि घड्याळ नसले तरी चालेल इतका जवळ कारखान्याचा भोंगा. पहाटेचा भोंगा झाला की आई तव्यावर पहिली भाकरी टाकी. वडील भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहून मिशीला खोबरेलाचे बोट लावीत, आणि तो विधी पुरा होईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मिशी भरघोस होती, दोन्ही टोकांना वर वळलेली. वडिलांचे बोलणे मोजके; त्यामुळे घराचा कारभार बराचसा त्या मिशीवर चाले. डावे टोक ओढले की नकार. उजवे टोक ओढले की विचार करतो. दोन्ही टोके एकदम ओढली की बाहेर जाऊन उभे राहावे.

मी त्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. माझ्या शेजारच्या लेथवर मिलिंद होता. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच खात्यात. धम्मदीक्षेनंतर मिलिंदच्या घरातून देव, देव्हारा, नजर, भानामती हे सारे एकाच दिवशी बाहेर गेले होते, आणि त्यानंतर त्या विषयावर त्या घरात कोणी चर्चाही करीत नसे. आमच्याहून एक वर्ष पुढचा शिकाऊ पुरुषोत्तम मात्र ती रोज करी. तो पुण्याच्या पेठेतला. कॅन्टीनमध्ये रस्सा थंड होईपर्यंत तो वैज्ञानिक दृष्टीवर बोले. लिंबू, बाहुली आणि उतारा ही अडाण्यांची मशिनरी आहे, असे त्याचे आवडते वाक्य होते. आमचे उस्ताद, म्हणजे लेथ शिकवणारे वयस्क कारागीर, ते ऐकून घेत आणि म्हणत, “ते राहू दे. जॉब डगमगला तर मशीनला शिव्या देऊ नकोस. आधी खाली बघ, कीस अडकलाय का.” जॉब म्हणजे लेथवर चढवलेला लोखंडाचा तुकडा, आणि कीस म्हणजे त्याची बारीक कात्रण. हे वाक्य ध्यानात ठेवावे.

पुरुषोत्तमनेच ती मोहीम काढली. पिंपरीहून पायी निघायचे, घोरावडेश्वराचा डोंगर चढून उतरायचा, मग भामचंद्र ओलांडून भामेच्या खोऱ्यात शिरायचे आणि सह्याद्रीची धार धरून भीमाशंकर गाठायचे. त्याने स्वतःला कॅप्टन नेमले, गळ्यात शिटी अडकवली आणि नियम सांगितला : “पडला तो एस.टी.ला.” ज्याला चालवणार नाही त्याला जवळच्या स्थानकावर नेऊन घरी पाठवायचे, त्याच्यासाठी कोणी थांबायचे नाही.

घरी मी हे जेवताना सांगितले. आईने आमटी वाढता वाढता हात थांबवला. वडिलांनी घास संपवला, पाणी प्याले आणि विचारले, “भीमाशंकरला एस.टी. जात नाही?”

“जाते.”

“मग?”

मी आमटीत भाकरी चुरू लागलो. वडिलांनी मिशीचे डावे टोक ओढले, थोडे थांबून उजवेही ओढले. मी उठू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “बस. भामचंद्र ओलांडणार नाहीस तू. ओलांडलास तर ही मिशी उतरवीन.”

आई घाबरून म्हणाली, “अहो, काय बोलता? मामंजी हयात आहेत!” आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. वडील म्हणाले, “ओलांडला तर ना.” आणि भाताकडे वळले. विषय संपला. मला मात्र त्या रात्रीपासून भामचंद्र हा डोंगर न वाटता मिशी वाटू लागला.

घोरावडेश्वर चढताना मी सर्वांच्या पुढे होतो. उतरताना मुरमावरून घसरलो आणि डावा पाय घोट्यात मुरगळला. मी ते लपवले. इंद्रायणी ओलांडून भामचंद्राच्या पायथ्याच्या वस्तीपर्यंत मी तोंड मिटून चाललो. तिथे एका गोठ्याच्या कुडाला टेकलो तो पुन्हा उठलो नाही. बूट काढला तेव्हा पाय बाहेर आला आणि बुटात परत जाईल अशी शक्यता उरली नाही. समोर भामचंद्र उभा होता. इतका जवळ, की वरच्या कातळातली लेणी दिसत होती. पुरुषोत्तमने पाय पाहिला, शिटी ओठांशी नेली आणि न फुंकताच परत सोडली. “पडला तो एस.टी.ला,” तो म्हणाला.

तेवढ्यात घरातून हौसाबाई बाहेर आल्या. वय पन्नाशीचे, नऊवारीचा काचा घट्ट, हाताला पीठ. त्यांनी माझा घोटा दाबला. मी ओरडलो.

“पाय हाय का भोपळा?” त्या म्हणाल्या. “कुठनं आलासा?”

“पिंपरीहून.”

“गाडी चुकली?”

“नाही मावशी, चालतच निघालो. भीमाशंकरला.”

“नवस हाय?”

“नाही.”

“नवस न्हाई, लगीन न्हाई, मयत न्हाई, आन चालत निघालासा?” त्यांनी दारात तंबाखू मळत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. “आवं, ऐकलं का? पिंपरीत कामं संपली जनू.”

दगडूबाबांनी मान हलवली. वडिलांचा प्रश्न माझ्याआधीच डोंगर उतरून तिथे पोचला होता.

मिलिंदने रदबदली केली. पुरुषोत्तमने एक दिवस विसाव्याची परवानगी दिली, पण अट घालून : दुसऱ्या दिवशी तो आणि मिलिंद डोंगरावर जाऊन पुढची वाट पाहून येतील, संध्याकाळी पाय तपासला जाईल, आणि कॅप्टनचे समाधान झाले नाही तर चाकणची एस.टी. पकडायची. सकाळी निघताना तो अंगणातूनच ओरडला, “मावशी, परतताना आम्ही तिकटीवरून दुसरी वाट बघणार आहोत. आमचं जेवण तिथंच ठेवा!” तिकटी म्हणजे तीन वाटा मिळत ती जागा, हाकेच्या अंतराहून थोडी लांब. हौसाबाई म्हशीला पेंड घालीत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, “बरं.” पुरुषोत्तमने याचा अर्थ ‘ठेवते’ असा घेतला. आमच्याकडे ‘बरं’ म्हणजे ‘ऐकलं’ एवढेच असते. ऐकलेलेही असतेच असे नाही.

तो दिवस मी खाटेवर काढला. आयुष्यात पुढे दोनदा रुग्णालयात राहिलो, खर्चिक खोलीत, बटण दाबले की पलंग वर-खाली होई. पण विसावा म्हटला की मला ती सुंभाची खाट आठवते. पहाटे भोंग्याच्या वेळी आपोआप जाग आली आणि भोंगा झालाच नाही. त्याऐवजी जात्याची घरघर, म्हशीच्या शिंगांचा गव्हाणीवर होणारा खडखडाट आणि दगडूबाबांचा खोकला, जो भोंग्याइतकाच नेमाने सुरू होऊन नेमाने थांबे. हौसाबाईंनी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून घोट्याला शेक दिला, आंबेहळद आणि तुरटी उगाळून लेप लावला, जुन्या लुगड्याची पट्टी आवळली. मग हुलग्यांचे माडगे दिले, गरम, गुळाचे, वाडगाभर. ते पिताना बोलायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. मी तिसऱ्यांदा वाडगा पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, “पाय लंगडा हाय, प्वाट न्हाई.” दुपारी बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि ताक. सूज उतरेल की न उतरेल याची चिंता करीत मी झोपलो, उठलो, पुन्हा डोंगराकडे पाहिले. तो तसाच होता, मिशीला पीळ दिल्यासारखा.

दिवस कलल्यावर हौसाबाई पळसाचे पान घेऊन आल्या. पानावर दहीभात, त्यावर उकडलेले अंडे, बाजूला अर्धे कापलेले लिंबू, आणि सगळ्यावर कुंकवाची चिमूट. ते पान त्यांनी माझ्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळले. मी पुरुषोत्तमच्या कॅन्टीनमधला विद्यार्थी. मी म्हणालो, “मावशी, उतारा कशाला? लेपानं उतरतेय की सूज.”

“तू गप. निर्गुडी बी माझीच आन ह्ये बी माझंच. कशानं उतरलं त्ये मागनं भांडू.”

पान तिकटीवर ठेवून त्या परतल्या. उतारा ठेवला की मागे वळून पाहायचे नसते. त्यांनी पाहिले नाही. पाहिले असते तर वरच्या वाटेने उतरणारे दोन भुकेले शिकाऊ त्यांना दिसले असते.

पुढचे मला मिलिंदने सांगितले. पुरुषोत्तमने तिकटीवर पान पाहिले आणि तो भारावला. “बघितलंस? खेड्यातली माणसं शब्दाची पक्की असतात. लिंबूसुद्धा ठेवलंय!”

“ठेवलंय खरं,” मिलिंद म्हणाला. त्याने पाहताक्षणी ओळखले होते. घरातून देव्हारा गेला तरी गावच्या तिकट्या त्याने लहानपणी पाहिल्या होत्या.

“आणि हे लाल काय?”

“तिखट असेल.”

“तू घे ना अर्धं.”

“नको. कॅप्टन आधी.”

पुरुषोत्तमने लिंबू पिळले, भात कालवला, अंडे मधोमध कापून निम्मे मिलिंदला देऊ केले आणि त्याने नको म्हणताच तेही खाल्ले. पान चाटून स्वच्छ केले. मिलिंदने त्याला का अडवले नाही, असे मी विचारले. तो शांतपणे म्हणाला, “मी उतारा मानत नाही. तोही मानत नाही. मग अडवायचं कशाला? अन्न होतं.”

दोघे घरी आले तेव्हा हौसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. पुरुषोत्तम प्रसन्न होता. “मावशी, दहीभात फक्कड होता हं. तिखटाला मात्र जोर नाही.”

हौसाबाईंचा हात भाकरीवर थांबला. “कंचा दहीभात?”

“तिकटीवरचा. पानावरचा.”

“आरं द्येवा! त्यो उतारा हुता की रं! ह्येच्या पायाचा!”

दगडूबाबांनी तंबाखूची पिचकारी टाकली आणि प्रथमच संभाषणात भाग घेतला. “अंडं बी खाल्लं?”

“...खाल्लं.”

“लिंबू?”

“पिळलं.”

“मंग ऱ्हायलं काय,” दगडूबाबा म्हणाले आणि पुन्हा तंबाखू मळू लागले.

पुरुषोत्तम हसला. अन्न म्हणजे पिष्ट आणि प्रथिन, त्यात दुखणे बसत नाही, असे त्याने सांगितले. मग तांब्याभर पाणी प्यायला. मग आणखी तांब्याभर. नंतर माझ्या खाटेशी येऊन सहज विचारल्यासारखे विचारले, “तुझा कुठला पाय रे?”

“डावा.”

“हं,” तो म्हणाला. पाय तपासण्याचे त्याला भान राहिले नाही. मीच आठवण दिली. सूज निम्म्यावर आली होती. मी अंगणात चालून दाखवले. लंगडत, पण चाललो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. “नको. उद्या चाकण. नियम म्हणजे नियम.” मला वाटते, तो डावा पाय आपल्यापासून शक्य तितका दूर जावा, एवढीच त्या क्षणी त्याची इच्छा होती.

एस.टी.तून उतरून घरी जाणे, वडिलांनी काही न विचारणे, मिशीचे टोक तेवढे किंचित वर जाणे आणि ते तसेच जन्मभर राहणे, हे सारे मला दिसत होते. मिलिंद शेजारी बसून चिंचोके भाजून खात होता. हौसाबाईंकडे त्यांचे मडके भरलेले असे. तो म्हणाला, “झोप. मला तुझ्या वडिलांची मिशी उतरलेली बघायची आहे. माझ्या वडिलांनाही बघायची आहे. कळलं तर अख्ख्या खात्याला बघायची असेल.”

सकाळी पुरुषोत्तमने कॅनव्हासचे बूट चढवले, फीत बांधली, शिटी फुंकली आणि गोठ्यापर्यंत गेला. तिथे थांबला. दोन पावले मागे आला. पुन्हा पुढे गेला आणि गव्हाणीवर बसला. चेहरा उतरला होता.

“काय झालं?” मी विचारले.

“काही नाही. जरा... टाच.”

हौसाबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. “डावाच का रं?”

त्याने डावा पाय उजव्याच्या मागे ओढून घेतला. ते पुरेसे होते. त्याने उभे राहून पाहिले, विज्ञानाला स्मरून पाच-सहा पावले टाकलीही, पण प्रत्येक पावलागणिक तोंड वाकडे होत होते. अखेर तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी, हे परत... काढता येतं का?”

“खाल्ल्यालं कसं काढू?” हौसाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दया होती, पण विजय अधिक होता.

मिलिंद आकाशाकडे पाहत म्हणाला, “पडला तो... कसला बरं नियम होता तो?”

दगडूबाबा कांद्याची गाडी घेऊन चाकणच्या बाजाराला निघालेच होते. पुरुषोत्तमला पोत्यांवर चढवले. पाय लोंबता ठेवून तो बसला. गाडी हलताना मिलिंदने हात पुढे केला. “शिटी.” त्याने काढून दिली. मिलिंदने ती हौसाबाईंच्या हाती ठेवली. त्यांनी फुंकून पाहिली आणि म्हणाल्या, “पाखरं हाकायला बरी हाय.”

आम्ही दोघे भामचंद्र चढू लागलो. माझ्या हाती दगडूबाबांची काठी होती. खिंडीत पोचल्यावर मी मागे वळून पाहिले. वस्ती लहान दिसत होती, आणि चाकणच्या वाटेवर कांद्याची गाडी त्याहून लहान. मी मिलिंदला म्हणालो, “आपण मानत नाही ते ठीक. पण डावाच पाय कसा धरला?”

मिलिंदने खिशातून उरलेले चिंचोके काढले, एक तोंडात टाकला आणि एक माझ्या तळहातावर ठेवला. “असाच एक. डाव्या बुटात, आतल्या अस्तराखाली, टाचेपाशी. कच्चा घातला. भाजलेला फुटला असता.”

मला समजायला थोडा वेळ लागला. तो म्हणाला, “उस्तादांनी काय शिकवलं होतं? जॉब डगमगला. त्यानं खाली बघितलंच नाही.” मग आम्ही दोघे खिंडीतल्या खडकावर बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. त्या हसण्यात माझा पाय आणखी दुखावला. तरीही पलीकडे उतरलो. पुढे खोरे, धार, रान आणि भीमाशंकर हे सर्व झाले. त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी करणार नाही.

हौसाबाईंना चिंचोक्याचे कधी सांगितले नाही. त्यांचा उतारा त्या पंचक्रोशीत पुढे फार नावाजला गेला, असे ऐकले. पुरुषोत्तम मोठ्या हुद्द्यापर्यंत चढला. त्या वस्तीच्या आसपास आता कारखाने आहेत, आणि तिकटीच्या जागी कंटेनर वळण्याइतका रुंद रस्ता आहे. गेल्या वर्षी एका समारंभासाठी मी आणि पुरुषोत्तम त्याच्या गाडीतून तिकडून गेलो. कंपनीच्या फाटकासमोर डांबरावर कोणीतरी लिंबू आणि भाताचे पान ठेवले होते. पुरुषोत्तमने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, आणि गाडी पुढे गेल्यावर खाली सोडले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्या वेळी भीमाशंकरहून घरी पोचलो तेव्हा वडील सायकल पुसत होते. त्यांनी विचारले, “ओलांडला?”

“ओलांडला.”

“चालत?”

“लंगडत.”

त्यांनी फडके पिळले, दांडीवर वाळत घातले आणि उठून गेले. त्यांनी साक्षीदार मागितला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेचा भोंगा झाला, आईने भाकरी टाकली, आणि आरशासमोरून वळलेल्या माणसाला पाहून तिच्या हातातले उलथणे पडले. ओठाच्या वर नुसती कातडी होती, उन्हाने न रापलेली, लहान मुलाच्या गालासारखी. वडील नेहमीप्रमाणे सायकलवरून कामावर गेले.

त्यांनी कोणाला कारण सांगितले नाही. ती त्यांची सवयच नव्हती. दुपारपर्यंत अख्ख्या खात्याने ठरवले की आमचे आजोबा वारले. पहिली पाळी सुटल्यावर माणसे आमच्या दारात येऊन मुकाट बसली. शेजारणी आईजवळ बसून डोळे पुसू लागल्या, आणि खरे कारण ठाऊक असलेली आई, सवयीने, त्यांच्याबरोबर थोडी रडली. मिलिंदचे वडीलही आले. त्यांना सर्व ठाऊक होते. ते वडिलांच्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहत आणि रुमालात तोंड खुपसत. लोकांना ते फार शोकाकुल वाटले. कोणीतरी गावाकडे निरोप धाडला. त्यानंतरच्या एका सकाळी, पिशवी आणि काठी घेऊन, धापा टाकीत आजोबा स्वतःच दारात उभे राहिले.

“कोण ग्येलं?” त्यांनी विचारले.

वडील म्हणाले, “तुम्ही.”

आजोबांनी मुलाच्या ओठाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या पट्टी बांधलेल्या पायाकडे. “मंग च्या तरी करा,” ते म्हणाले.

मिशी परत आली, पण पूर्वीची नाही. टोके वर वळेनात. वडिलांनी पुढे तिला तेल लावणे सोडले. त्या प्रसंगाविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मात्र माझ्या कोणत्याही बेताला त्यांनी त्यानंतर ‘नाही’ म्हटले नाही. फक्त विचारीत, “चालत?”

वडील गेले तेव्हा मीही निवृत्तीला आलो होतो. मला मिशी होती, त्यांच्याइतकी नव्हे. घाटावर न्हावी समोर बसला, ओठावर पाणी लावले आणि वस्तरा उघडला. मला हसू आले. मी ते दाबले, पण खांदे हलले. भोवतालच्या लोकांनी मान खाली घातली. कोणीतरी पाठीवर हात ठेवला. मिलिंद मागे उभा होता. केस पांढरे, हातात काठी. तो वाकून माझ्या कानाशी म्हणाला, “मिशीची उधारी फिटली बघ.”

न्हाव्याने वस्तरा चालवला.